धवलारीण रंगूची अट

मैना ही मिठागराकाठच्या गावची आशाताई. साखर तपासायला या, असं ती गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वर्षभर लिहीत होती. कुणी फिरकत नव्हतं. शेवटी तिने सासूला गळ घातली. सासू रंगू ही गावातली एकुलती एक धवलारीण. तिने धवले गायल्याशिवाय तिथल्या आगऱ्यांचं लग्न लागत नाही. रंगूने धवल्याच्या चालीवर साखरेच्या रोगाचं गाणं म्हटलं आणि मैनाने ते ग्रुपवर टाकलं.

गाव खवळलं. "देवाची चाल रोगाला लावली! रंगूला लग्नाला बोलवायचा नाय," असं पंच काळूरामने फर्मावलं आणि मैनाला ग्रुपमधून काढून टाकलं.

पण आठवड्यावर त्याच्याच पोरीचं लग्न आलं. दुसऱ्या गावची धवलारीण मिळेना, तेव्हा तो तोंड वाकडं करून रंगूच्या दारात उभा राहिला.

"येते," रंगू म्हणाली. "पन आधी मांडवात सगल्यांची बोटं टोचायची. पयलं तुजं, आताच."

"म्हातारे, अडवतेस मला?"

"व्हय, अडवते. बोट काढ, नायतर चालता हो."

काळूरामने शिवी हासडली आणि मैनापुढे बोट धरलं. "टोच! आनि आकडा कुनाला सांगितलास तर बघ."