काकूचं परत येणं

काकू प्रवासाहून परत आली की पहिले चार दिवस आम्ही घरात जपून वावरायचो. ती काय पाहून आली, हे ती कधीच सांगायची नाही. फोटो नाहीत, वर्णनं नाहीत. फक्त घरातला एखादा नियम मोडायची, आणि का मोडला म्हणून विचारलं तर ताकास तूर लागू द्यायची नाही.

काकू म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांची बायको. काका गेल्यावर ती साताऱ्याहून नेरूळला आमच्याकडे आली. घरात आई, मी आणि काकू, हुकूम काकूचा. साठीपर्यंत तिला वाशीला जायचं म्हटलं तरी जिवावर यायचं. मग भिशीतल्या एका बाईंचं कच्छच्या सहलीला जाणं आयत्या वेळी रद्द झालं आणि जागा रिकामी जायला नको म्हणून काकू गेली. परत आली त्या संध्याकाळी तिने सगळी भांडी टेबलाच्या मधोमध मांडली आणि वाढायला उभ्या राहिलेल्या आईला म्हणाली, "तू पण बस गं. ज्याला जे हवं ते तो घेईल." वाढणारीने शेवटी जेवायचं, हा नियम तिनेच इतकी वर्षं चालवला होता. आई त्या दिवशी इतकी गोंधळली की अर्धपोटीच उठली.

लिफ्टमध्ये नवा माणूस दिसला की काकूचा पहिला प्रश्न ठरलेला, "आडनाव काय तुमचं?" हिमाचलहून आली आणि तो प्रश्न बंद झाला. पाचव्या मजल्यावरचे नवे भाडेकरू आडनाव सांगायच्या तयारीत उभे होते, तर काकू म्हणाली, "जेवण झालं का?" सकाळचे साडेसात वाजले होते.

प्रवासाने माणूस मोठा होतो म्हणतात, तो हा असा, असं मी ठरवून टाकलं. तेवढ्यात ती केरळला गेली आणि गाडी उलटी फिरली. तिन्हीसांजेला सगळ्यांनी देवापाशी बसायचं, मोबाइल बंद. "ते लोक आपलं किती जपतात! आणि तुम्ही काय जपलंय, वाय-फाय?" ही पुढे चालली आहे की मागे, मला काही कळेना.

मासळीच्या बाबतीत मात्र ती जागची हलली नाही. सारसोळ्याची कोळीण पाटी घेऊन आमच्या जिन्यात यायची आणि काकू नाकाला पदर लावून दार लोटायची. एकदा ती बाहेरूनच ओरडली, "काकू, एवरी फिरलीस, पन माजी पाटी काय बगली नाय तू!"

"नाकानं बघितलीय गं, पुरे!" काकू आतून म्हणाली. दोघी हसल्या, दार काही उघडलं नाही.

आणि मी नेमका जोनालीच्या प्रेमात पडलो. तळोज्याच्या आमच्या कंपनीत ती माझ्याच विभागात होती. आसामची, तेजपूरची, मासळीशिवाय तिला घास उतरत नाही. लग्न करीन तर हिच्याशीच, पण काकूला दुखवून नाही, असं माझं झालं होतं. आईचं काही म्हणणं नव्हतं. काकूला सांगितलं, तर ती हो म्हणाली नाही की नाही म्हणाली नाही. तिने आसामच्या सहलीला नाव घातलं. तिथे गेल्यावर मंडळींना सोडून ती दोन दिवस जोनालीच्या आईकडे राहिली, हेसुद्धा मला जोनालीकडून कळलं.

ती परत आली. आता कोणता नियम मोडते, म्हणून मी डोळ्यांत तेल घालून बसलो. आठ दिवस काहीच मोडलं नाही. शेवटी न राहवून विचारलं, तेव्हा काकू पहिल्यांदाच प्रवासाबद्दल मोकळेपणी बोलली.

"त्या माउलीनं माझ्यासाठी नवं पातेलं आणलं रे. दोन दिवस घरात मासळी शिजवली नाही. आणि तिची मुलगी इथं आली, तर मी आपल्या ओट्यावर मासळी शिजू देईन का?"

"देशील की."

"तिकडं असताना देईन असंच ठरवलं होतं. घर जवळ आलं तसं मन आक्रसायला लागलं. आडनाव विचारायचं सोडणं सोपं होतं, हे जमत नाही. बाहेरगावी मी मोठ्या मनाची असते. आपल्या घरात पाऊल टाकलं की पुन्हा तीच मी."

"मग मी काय करू?"

"लग्न कर. माझं मी बघते."

महिन्याभरात तिने जवळच्याच करावे गावात एक खोली भाड्याने घेतली. आई रडायलाच लागली. "ताई, लोक म्हणतील, सून यायची म्हणून जावेला बाहेर काढलं!"

"म्हणू देत," काकू म्हणाली. "पाहुणी म्हणून गेले ना, की मला कुठलंही घर आवडतं. तुमच्याकडं मला पाहुणी म्हणून येऊ दे."

लग्नाला आता दोन वर्षं झाली. दर रविवारी काकू येते. तिच्याकडे किल्ली आहे, तरी बेल वाजवते आणि सोफ्याच्या कडेला बसते. ओट्यावर मासळी असते. ती खात नाही, पण त्याच टेबलावर वरणभात कालवता कालवता जोनालीला विचारते, "ह्या माशाला तुमच्याकडं काय म्हणतात गं?" नाव ऐकून दोनदा म्हणून बघते. जोनालीचा तिच्यावर फार जीव. माझा मात्र गोंधळ सुटलेला नाही. हिचं मन मोठं झालं, की हिने पळ काढला? की दोन्ही?

पाच वाजले की ती पिशवी उचलते. "येते हं." मला ती घरात हवी असते, अगदी पूर्वीसारखी, हुकूम सोडत. पण राहा म्हणायला जीभ रेटत नाही. राहिली तर ती पुन्हा घरची होईल, आणि घरची काकू काय करेल, हे तिलाही माहीत नाही.