भिंतीला विचारणारे डॉक्टर

आमचे नळीवाले डॉक्टर गोठ्यात आले की भिंतीकडे तोंड करून बोलायचे. चांगला शिकलेला माणूस, जनावरांच्या दवाखान्यातला, आणि गप्पा भिंतीशी! मी लग्न होऊन वडीगोद्रीजवळच्या वस्तीवर आले तेव्हा मला वाटलं, उन्हात हिंडून बिचाऱ्याचं डोकं फिरलंय.

मोटारसायकलला थंड भांडं बांधून ते गावोगाव फिरायचे. झाकण काढलं की भर मे महिन्यात पांढरी वाफ उसळायची आणि आतून जातिवंत वळूचं बीज भरलेली बारीक नळी निघायची. त्या नळीनं गावठी गाय भरवायची, म्हणजे दुधाळ कालवड मिळायची आशा. म्हाताऱ्यांना हे पटायचं नाही. "वळूबिगर वासरू? कायबी सांगू नका," ते म्हणायचे. डॉक्टर म्हणायचे, "बाप हाय की. लांब राहतो, एवढंच."

माझ्या तांबडीला मात्र ती नळी लागेना. तांबडी माझ्या वडिलांनी आंदण दिलेली. सासरी माझं म्हणावं असं तेवढंच. दोनदा भरवली, दोनदा उलटली, गाभण राहिलीच नाही. मामंजींनी ठरवलं, पुन्हा उलटली तर बाजार दाखवायचा. पण सासऱ्यापुढे सून काय बोलणार?

तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी विचारलं, "माजावर कवा आली, अण्णा?"

"आज सकाळी," मामंजी ठासून म्हणाले.

डॉक्टरांनी गाय तपासली आणि भिंतीकडे वळले. "मी भिंतीला इचारून राह्यलो. बराबर सांगावं."

मी पदर ओढून दाराआड उभी होते. भिंत म्हणजे मीच, हे तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात शिरलं. "काल पहाटपासून हंबरून राह्यली," मी हळूच म्हणाले.

"मंग कशी गाभण राहील? पहाटं हंबरली तर संध्याकाळच्या आत मला बोलवायचं."

गोठा बायकांच्या हाती, पण गाय माजावर आली हे पुरुषांपुढे बोलायची लाज. पुरुषांच्या ध्यानात येईस्तोवर वेळ निघून गेलेली. घरोघरी हेच चाललेलं. डॉक्टरांनी भांडं तसंच बंद केलं. "अण्णा, अजून एक डाव थांबा. माझ्यासाठी." मामंजी नाखुशीनं का होईना, कबूल झाले.

तीन आठवड्यांनी तांबडी झुंजूमुंजूलाच हंबरली. मामंजी ओसरीवर तोंड धूत होते. मी पदर सावरून पुढे झाले. "मामंजी, गाय माजावर आलीय. डॉक्टरांना आणा." ते माझ्याकडे बघतच राहिले. मग तोंड पुसून त्यांनी सायकल काढली.

तांबडीला कालवड झाली. घरात दूधदुभतं आलं, आणि जनावराचं काही असलं की मामंजी आधी मला विचारू लागले. डॉक्टरांची मंठ्याला बदली झाली, तेव्हा निघताना ते वस्तीवर आले. मी त्यांना खरवस बांधून दिला, पण आभार मानायचे राहूनच गेले.

पुढे मामंजींनी माझ्या थोरलीची शाळा सोडवायचं काढलं. मी सगळ्यांदेखत म्हणाले, "पोरगी शिकंल." कुणाला त्याचं नवलसुद्धा वाटलं नाही.

ती मास्तरीण झाली. हे सांगायला मंठ्याला गेले, तर डॉक्टर वारल्याचं कळलं. देवमाणूस होता. त्यांना वाटलं असेल, आपण एका बाईची गाय वाचवली.