मांडीवरचा 'स'

तितिसनं आठ वर्षांत तीनशेच्या वर लोगो काढले होते. कॅनडातल्या दंतवैद्याचा, नॉर्वेतल्या मासळीवाल्याचा, टेक्सासात कुत्र्यांचे केस कापणाऱ्या बाईचा. जावा बेटावर मुंतिलानजवळच्या तिच्या गावात हे काम घरोघरी चालतं. आधीची पिढी नदीतली वाळू उपसायची, आताची इंटरनेटवरच्या स्पर्धांना लोगो पाठवते. जिंकलं तर चित्राचे सगळे हक्क गिऱ्हाइकाचे, काढणाऱ्याचं नाव कुठेच येत नाही. याचं फारसं कुणाला वाईट वाटत नाही. वाळूवर तरी कुठे कुणाचं नाव होतं.

मग तालुका कचेरीनं नव्या बाजाराच्या पाट्यांसाठी प्रस्ताव मागवले. प्रस्ताव धंद्याच्या नावानं हवा, सहीवर शिक्का हवा, आणि गुरुवारी दुपारी दोनच्या आत हवा. शिक्का नसलेला कागद तिथे घेतच नाहीत. हे काम मिळालं तर तितिसला स्पर्धा सोडून स्वतःच्या नावावर उभं राहता येणार होतं. पण शिक्का म्हणजे लोगो आला, आणि तेवढाच तिच्याकडे नव्हता.

तीन आठवडे ती त्यावर बसली. एरवी गिऱ्हाइकाकडून चार ओळी तरी येतात: रंग निळा, वाघ नको, बघून विश्वास वाटला पाहिजे. इथे गिऱ्हाईक ती स्वतः. तिनं स्वतःलाच चार ओळी लिहून पाहिल्या. दुसऱ्या ओळीत 'काय आवडतं?' असं होतं, पुढची जागा कोरीच राहिली. एक्केचाळीस नमुने झाले. शेजारचा प्रियो तिच्याच धंद्यातला. तो म्हणाला, “लोकांच्या तीनशे पोरी नटवल्यास, आणि स्वतःची वेणी घालता येईना.”

“तुझा कुठाय लोगो?”

“मी आरसाच ठेवत नाही. म्हणून जेवण जातं.”

बुधवारी तिनं शाळेत शिकलेली जावाची लिपी काढली आणि नाव त्या अक्षरांत लिहिलं. 'ति', 'ति', 'स'. वेलांटी म्हणजे अक्षराच्या डोक्यावर एक पोकळ ठिपका. वर्तुळात छान बसलं. अडचण होती शेवटच्या 'स'ची. मराठीत 'तितिस' लिहिलं की वाचणारा शेवटचा 'स' आपणहून तोडून वाचतो. जावाच्या लिपीत ही सवलत नाही, नुसता 'स' तिथे 'सॉ' होतो. तिथे अक्षराला पांगकोन, म्हणजे मांडी, नावाची वाकडी शेपटी लावावी लागते. आपण अक्षराचा पाय मोडतो, ते अक्षराला मांडीवर घेतात, आणि मांडीवर घेतलं की अक्षर मरतं अशी तिकडे म्हणच आहे. माणसांनाही ती लावतात: फार गोंजारलं की माणूस संपला. ही शेपटी वर्तुळाबाहेर जात होती. तितिसनं ती पुसून टाकली.

गुरुवारी सकाळी ती शिक्केवाल्या पाक कासिरानच्या टपरीवर गेली. पाक म्हणजे काका; तसंच तिकडे ताईला म्बाक आणि मावशीला बू म्हणतात. कासिरान सत्तरीचे, अजून हातानं रबर कोरणारे. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला.

“काय वाचायचं हे?”

“तितिस. माझं नाव.”

“इथे 'तितिसॉ' लिहिलंय.”

तितिस म्हणजे अचूक, नेम न चुकणारा. तितिसॉ म्हणजे नेम लागू दे.

“धंद्याचं नाव आहे की नवस?” कासिराननी विचारलं. “पांगकोन कुठे गेलं?”

“बाहेर जात होतं, पाक. काढलं.”

“हत्ती दारात मावला नाही तर सोंड कापशील.”

“हल्ली कोण वाचतंय? शंभरात दोघं.”

“त्यातला एक मी. आणि कोरायचंय मला.”

तिनं शेपटी परत काढून दाखवली. आता वाचता येत होतं, पण वर्तुळ फाटक्या टोपलीसारखं दिसत होतं. अकरा वाजून गेले होते.

“शेपटी ओळ संपल्यावर लागते, पोरी,” कासिरान म्हणाले. “तुझी ओळ एका शब्दात संपली. पुढे काही असतं तर पुढचं अक्षर 'स'च्या पोटाखाली गेलं असतं, शेपटीशिवायच 'स' तुटला असता. पुढचं नाव काय तुझं?”

“पुढचं नाही. एवढंच आहे.”

एकाच शब्दाचं नाव तिथे नवलाचं नाही. कासिरानही नुसते कासिरानच होते.

“नवऱ्याचं?”

“नवरा नाही. शिक्क्यासाठी लग्न करू?”

“कर. पण 'त'चा बघ. 'स'खाली 'त' झकास बसतो. आणि दोनच्या आत बघ.”

तितिस हसली, मग हसायची थांबली. स्पर्धांच्या संकेतस्थळावर आडनावाचा रकाना रिकामा सोडता येत नसे, म्हणून आठ वर्षं ती तिथे 'तितिस तितिस' होती.

“'त'चं एक आहे माझ्याकडे,” ती म्हणाली.

तिनं नाव दोनदा लिहिलं. पहिल्या 'स'खाली 'त' बसला, दुसरा 'स' पुन्हा उघडा पडला. तिसऱ्यांदा लिहिलं, तिसरा उघडा. त्या लिपीत दोन शब्दांत जागा सोडत नाहीत. तिनं ओळ वाकवली आणि शेवटच्या 'स'खाली पहिलाच 'त' आणून अडकवला. तीन तितिस एकमेकींना धरून गोल उभ्या राहिल्या.

कासिराननी कागद पूर्ण एक फेरा फिरवला.

“संपत नाही कुठे.”

“नाही.”

“मग मांडीचं काम नाही.” त्यांनी पातं उचललं, आणि मग पाऊण वाजेपर्यंत त्या सहा पोकळ ठिपक्यांच्या नावानं बोटं मोडत राहिले.

कचेरीत ती दीडला पोचली. कारकुनानं सहीवरचा शिक्का पाहिला, कागद उलटा धरला, मग आडवा.

“म्बाक, शिक्का उलटा मारलाय का?”

“तो उलटा होत नाही.”

“वाचायचा कुठून?”

“कुठूनही.”

त्यानं मागच्या टेबलावरच्या बाईकडे पाहिलं. ती डबा आवरत होती, तिनं मान डोलावली. कारकुनानं वहीत वेळ टाकली आणि प्रस्ताव आधीच्या सातांवर ठेवला.

बाजाराच्या दारावरच्या कमानीचं काम दुसऱ्या कुणाला गेलं. तितिसला भाजीच्या रांगेतल्या छत्तीस पाट्या मिळाल्या. प्रत्येक पाटीच्या खालच्या कोपऱ्यात तिनं नाण्याएवढा शिक्का घातला. पाट्या लावायच्या दिवशी मिरचीवालीनं त्यावर बोट ठेवलं.

“ही काय नक्षी?”

“नक्षी नाही, बू. नाव आहे.”

“बाजाराचं?”

“माझं.”

मिरचीवाली ठीक आहे म्हणाली, आणि पाटी जरा डावीकडे घ्यायला सांगितली.