दवाखान्यातलं थंड पाणी

निर्मला आमच्या तलासरीच्या दवाखान्यात कंपाउंडर होती. कागदावर नव्हे, कागदावर तिची नुसती आश्रमशाळेतली दहावी. पण डॉक्टर घाटावरचे, पाड्यांवरची बोली त्यांना कधी आली नाही, आणि निर्मलाची ती आईची भाषा. डॉक्टर मराठीत विचारायचे, ती वारलीत सांगायची. पेशंट वारलीत कण्हायचा, ती ते मराठीत डॉक्टरांपुढे ठेवायची. वाचता न येणाऱ्यांसाठी गोळ्यांच्या पुडीवर पेनाने कोंबडा काढायची, म्हणजे सकाळी. चांद काढला की रात्री. तिचा कोंबडा बदकासारखा दिसायचा. मी चिडवलं की म्हणायची, "घेणाऱ्याला कळतंय ना? मग तुमचं काय जातं?"

माझं मेडिकल दवाखान्याला लागूनच, म्हणून हे सगळं मला माहीत.

डॉक्टर तसे सरळ. औषध कंपन्यांचे विक्रेते, म्हणजे एमआर, डिनर सेट आणायचे, घड्याळं आणायचे, एकाने तर गोव्याची तिकिटं आणली. डॉक्टरांनी सगळ्यांना हात जोडून परत पाठवलं. २०१६ च्या मे महिन्यात मनिष नावाचा नवा एमआर आला. मोठा हुशार. त्याने डॉक्टरांना काही विचारलंच नाही. निर्मलाला विचारलं, "ताई, दवाखान्यात काय कमी आहे?"

निर्मला रोज सकाळी हापशावरून चार खेपा करून माठ भरायची. बारा वाजेपर्यंत माठ कोरडा, आणि उन्हातून चालत आलेली माणसं बाहेर ताटकळत. ती म्हणाली, "पाणी."

आठ दिवसांत थंड पाण्याचं मशीन आलं. डॉक्टरांच्या कपाळाला आठ्या पडल्या, पण निर्मलाच मध्ये पडली. "तुमच्यासाठी कुठे आहे? पेशंटसाठी आहे." डॉक्टरांनी मशीन ठेवून घेतलं. मनिषने त्या बदल्यात काहीही मागितलं नाही. दर महिन्याला यायचा, मशीन बरं चालतंय ना विचारायचा, फिल्टर बदलून द्यायचा. भीड म्हणतात ती हीच. दिवाळीपर्यंत डॉक्टर फिटसाठी मनिषच्या कंपनीची गोळी लिहायला लागले होते. औषध तेच, नाव वेगळं, किंमत चौपट.

लडक्या नावाचा एक जुना पेशंट होता, त्याला लहानपणापासून फिट यायची. जुन्या गोळीवर तो चार वर्षं ठणठणीत होता. आशागडच्या वाडीत शिडीवर चढून चिकू उतरवायचा. गोळ्या न्यायला दर महिन्याला त्याची बायको कमळी यायची. नवी चिठ्ठी पहिल्यांदा हातात पडली तेव्हा ती जुन्या गोळीचं रिकामं पाकीट घेऊन माझ्या काउंटरवर आली. निर्मला तिच्यासोबत होती. कमळी तिला म्हणाली, "बाय, आमाला हीच दे ना."

दवाखान्यात तीस पेशंट खोळंबले होते. औषध तेच, कंपनी वेगळी, हे समजावत बसायला वेळ कुठे होता? आणि डॉक्टरांनी उगाच महाग लिहिलंय, असं थोडंच म्हणायचं? निर्मला म्हणाली, "ती आता बंद झाली. ही चांगली आहे."

बंद झाली नव्हती. माझ्या मागच्याच फळीवर तिचा डबा होता. मी तोंड उघडलं नाही. मी तरी कुठला धुतल्या तांदळाचा? पुढे ती कोणी लिहीना, तेव्हा मी मागवणंही सोडलं.

नवं पाकीट कमळीला परवडेना. ती गोळ्या पुरवून पुरवून देऊ लागली, दिवसाआड एक. फेब्रुवारी २०१८ मध्ये लडक्याला शिडीवर असतानाच फिट आली. कंबरेचं हाड मोडलं. दोन महिन्यांनी तो दवाखान्यात आला तो काठी टेकत, कमळीच्या खांद्यावर भार टाकून. दिवसाआड गोळीचं कळल्यावर डॉक्टर भडकले. खरं तर घाबरले होते.

"कोणाला विचारून गोळी कमी केली? नवऱ्याला मारायचं होतं का?" आणि निर्मलाकडे वळून म्हणाले, "सांग तिला."

निर्मलाने सांगितलं. एकही शब्द न गाळता, कमळीच्याच बोलीत. कमळीने दोन्ही कान धरले आणि खाली बघून काहीतरी पुटपुटली. निर्मलाने तेही मराठीत आणलं. "ती म्हणते, चूक माझीच झाली. डॉक्टरांनी माफ करावं."

"ठीक आहे," डॉक्टर म्हणाले. निर्मलाने तिला तेही सांगितलं.

त्या दुपारी ती माझ्या दुकानात येऊन स्टुलावर बसली आणि ढसाढसा रडली. "मी दोघांचं बोलले. माझं स्वतःचं एक वाक्य होतं, तेवढंच राहिलं."

मी म्हणालो, "इतकं मनाला लावून घेऊ नकोस." आपण असं बोललो, याची मला आजही लाज वाटते.

रविवारी ती चालत कमळीच्या पाड्यावर गेली. मशीन, मनिष, आपली थाप, सगळं तिने सांगून टाकलं. कमळी शिव्या देईल, अंगावर धावून येईल, याची तयारी ठेवूनच ती गेली होती. लडक्या ओट्यावर बसून ऐकत होता. कमळीने एवढंच विचारलं, "मंग ती गोळी अजून मिळते का?"

सोमवारी दुकान उघडताच निर्मलाने तो प्रश्न माझ्यापुढे ठेवला.

"मिळते," मी म्हणालो. "आज सांगितलं तर उद्या डहाणूहून येते."

"आणि तेव्हा? हे दीड वर्ष?"

"तेव्हाही मिळत होती," मी म्हणालो.