शंकररावांचा क्लॅम्प घट्ट होता

माझी जीभ आधी चालते आणि डोकं मागून येतं, असं माझी आई म्हणायची. तेव्हा राग यायचा. आता कुठल्या तोंडाने रागावू? शंकररावांविषयी सांगायचं तर माझंच सांगावं लागणार आहे, इलाज नाही.

शंकरराव म्हणजे इथल्या, ओहायोतल्या डब्लिनमधल्या भावनाचे बाबा. नागपूरला एका कारखान्यात एकतीस वर्षं मेंटेनन्सला होते. बायको गेली, तेव्हा लेकीने इकडे अमेरिकेत आणलं. इथे माणूस करणार काय? गाडी चालवता येत नाही, चालत जावं असं दुकान नाही. पहिला हिवाळा नुसता खिडकीत बसून काढला म्हणे. मग एकदा भावनाचा ड्रायर बंद पडला. टेक्निशियन नऊ दिवसांनी येणार होता. शंकररावांनी व्हिडिओ बघून पार्ट मागवला आणि एका दुपारीत ड्रायर चालू केला. झालं! आमच्या मराठी ग्रुपवर बातमी फिरली आणि त्यांना दर वीकेंडला कुणी ना कुणी न्यायला येऊ लागलं. घ्यायचे काही नाहीत. फक्त चहा, साखर जास्त.

गॅसच्या ड्रायरला मात्र फार जपून हात लावायचे. "विजेचा बिघडला तर कपडे ओले राहतात, बाई. गॅसचा बिघडला तर माणूस जाते," म्हणायचे.

आमचा गॅसचाच. पहिला लोड वाळायचा, दुसऱ्याला नुसता फिरायचा, ऊब नाही. फेब्रुवारीतल्या एका शनिवारी शंकरराव आले. खालचं पॅनल काढून मला वाकायला लावलं. "हे पाहा. इग्नायटर लाल होऊन राहिला, पण गॅस सुटत नाही. व्हॉल्व्हवरच्या कॉइल गेल्या." कॉइल बदलल्या. गॅसच्या जॉइंटला साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहिलं. जळलेली हवा बाहेर नेणाऱ्या मागच्या पातळ पत्र्याच्या पाइपातून कपड्यांचा भुसा काढला, चांगला घमेलंभर निघाला. पाइप पुन्हा भिंतीतल्या तोंडावर बसवला, त्याभोवतीचा पट्टीचा क्लॅम्प आवळला, हाताने हलवून पाहिला, परत आवळला. ड्रायर भिंतीपासून वीतभर पुढे ठेवला. "मागे सरकवू नका हं. पाइप दबला की जळलेला गॅस घरात येते."

चहा देताना मी विचारलं, "तुमचं आडनाव काय म्हणालात काका?" त्यांनी म्हटलं काहीच नव्हतं. आता सांगितलं. मी "अच्छा" म्हणाले. तो "अच्छा" आपल्याकडे सगळ्यांना कळतो. त्यांनाही कळला. चहा संपवला, हत्यारं गोळा केली आणि निघाले.

आता माझा पराक्रम ऐका. ओहायोच्या थंडीत इडलीचं पीठ काही केल्या फुगत नाही. मला ड्रायरमागची ती उबदार जागा दिसली. शनिवारी कपडे लावायचे आणि पिठाचं पातेलं मागे सारायचं. जरा दाबूनच बसायचं, पण पीठ काय फुगायचं! मी भलतीच खूश. मार्चमधल्या एका रविवारी सकाळी पातेलं अडकलं. मी हिसका देऊन काढलं, थोडं पीठ सांडलं, इडल्या केल्या, ड्रायर लावला आणि विसरून गेले.

दुपारी अलार्म कोकलायला लागला. कार्बन मोनॉक्साइडचा. नऊ वर्षांची इशिता सोफ्यावर आडवी होती. "मॉम, माय हेड हर्ट्स." मी तिला उचललं. बाहेर पळालो, बंब आला. इशिता मोकळ्या हवेत दहा मिनिटांत ठीक झाली. बंबवाला म्हणाला, ड्रायरमागचा पाइप सुटलाय, दुरुस्त होईपर्यंत लावू नका.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सुशांत, माझा नवरा, म्हणाला, "थांब जरा. आधी नीट बघू या."

"बघायचंय काय? महिन्याभरापूर्वी त्यांनीच बसवला ना?"

आणि तिथेच ड्राइव्हवेवर उभी राहून तीनशे लोकांच्या ग्रुपवर मी लिहिलं: शंकररावांनी बसवलेला पाइप सुटला, माझी मुलगी मरता मरता वाचली. अशा लोकांना घरात घेण्याआधी दहा वेळा विचार करा.

बापरे, थँक्स फॉर शेअरिंग, मेसेजवर मेसेज. शैलजाकाकूंनी लिहिलं, "मला आधीपासून वाटतच होतं." काय वाटत होतं ते कुणी विचारलं नाही. शंकरराव ग्रुपवर नव्हते, भावना होती. तिने एवढंच लिहिलं: "इशिता कशी आहे?" मी उत्तरही दिलं नाही.

अकरा दिवसांनी टेक्निशियन आला. त्याने ड्रायर ओढून मला बोलावलं. भिंतीवर क्लॅम्प जागच्या जागी होता, घट्ट, आणि त्यात पाइपाची फाटकी कड तशीच धरलेली होती. पाइप सुटला नव्हता, फाटला होता. त्यावर गोल चेपल्याची खूण, आणि सगळीकडे वाळलेले पांढरे पोपडे. "कुणीतरी हे ओढलंय," तो म्हणाला. "आणि हे काय आहे? पेंट?"

"माहीत नाही," मी म्हणाले.

मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण मेले थोडीच! बारा दिवस गप्प बसले. सुशांतला सांगितलं, तर तो एकच शब्द बोलला, "जा." भावनाच्या दारापर्यंत दोनदा जाऊन परत आले. तिसऱ्यांदा बेल वाजवली.

शंकरराव कोचावर बसले होते. चेहरा उतरलेला. भावना म्हणाली, "बाबांनी टूलबॉक्स देऊन टाकला. गॅससुद्धा लावत नाहीत आता. हाताचा भरवसा नाही म्हणतात. चहासाठी मी ऑफिसमधून येईपर्यंत बसून असतात."

मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. पातेलं, हिसका, पीठ. माफी मागायला लागले तर त्यांनी मधेच थांबवलं.

"क्लॅम्प घट्ट होता?"

"हो काका."

"तुम्ही आपल्या डोळ्यांनी पाहिला?"

"पाहिला. पाइप फाटला, पण क्लॅम्प हलला नव्हता."

त्यांनी डोळे पुसले. "मी रोज आठवून पाहत होतो. आवळला होता, असंच आठवे. मग वाटे, म्हातारा झालो, खोटं आठवून राहिलं. लेकरू गेलं असतं तर?" मग उठले आणि स्वयंपाकघरात जाऊन स्वतः चहा ठेवला. एवढी शरम मला आयुष्यात वाटली नव्हती. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

ते आत असताना भावना हळूच म्हणाली, "चूक बाबांचीच असती, तरी तुम्ही रागावलात हे मला समजलं असतं. पण 'अशा लोकांना' म्हणजे कशा, नेत्राताई?"

 "ग्रुपवर लिहिते," एवढं मी म्हणाले.

गाडीत बसूनच लिहिलं. पाइप मी फाडला, शंकररावांचं काम चोख होतं, मी त्यांची माफी मागते. आणि शेवटी: "'अशा लोकांना' हे मी पाइपमुळे लिहिलं नव्हतं. त्यांचं आडनाव ऐकल्यापासून ते माझ्या मनात होतं. त्याची मला लाज वाटते." पाठवलं. छाती जरा हलकी झाली.

लगेच शैलजाकाकूंचा फोन. "अगं, पाइपाचं ठीक आहे. चूक कुणाचीही होते. पण ते शेवटचं कशाला? उगाच जातीवर कशाला न्यायचं? लोक म्हणतील, आपण सगळे तसलेच."

"तसं नाही काकू..."

"मग काढून टाक ना."

पाठवलेला मेसेज पंधरा मिनिटांच्या आत बदलता येतो. मी अकराव्या मिनिटाला शेवटची तीन वाक्यं काढून टाकली. बदलला की त्याखाली बारीक अक्षरात 'एडिटेड' असं येतं, आणि बदलण्याआधीचा मेसेज भावनाने तोवर वाचला होता.