जन्मानं गावचा कोण?

आमच्या भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा माझी मावशी जागची हललीसुद्धा नाही, तरी दुसऱ्या जिल्ह्यात गेली. आणि माझा नवरा नदीपलीकडून, मध्य प्रदेशातून, घरजावई होऊन आला, वीस वर्षं आमच्या तलावात जाळं टाकलं, तरी गावाला तो बाहेरचाच. हे गणित मला कधी पटलं नाही.

आमचं गाव बपेऱ्याच्या बाजूला. तलाव मच्छीमार सोसायटीकडे. सभासदाच्या घरानंच मासे धरायचे. बाबा सभासद होते आणि मी त्यांची एकुलती एक. बाबा गेल्यावर त्यांच्या जागी नवऱ्याचं नाव लावा, असा आम्ही अर्ज केला. तलाव सुटला असता तर चंबूगबाळं आवरून नागपूरला बांधकामावर जावं लागलं असतं. गावातली कितीतरी घरं तशी गेलीच होती.

सभा देवळासमोर भरली. अध्यक्ष म्हणाले, "सोसायटीचा सभासद जनमानं याच गावचा पायजे, असा ठराव घेऊन राहिलो." सगळ्यांनी माना डोलवल्या. नवरा खाली बघत बसला. माझं डोकं असं सणकलं, की मी बायांमधून उठून सरळ पुढे गेले.

"काकाजी, तुमचा जनम कोठचा जी?"

"इथलाच. दुसरा कोठचा राहीन?"

"पन तुमी त घरातले थोरले ना?"

आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं. थोरलं लेकरू मामाच्या गावी जन्मतं आणि मग आईच्या कडेवर बसून इकडे येतं. अध्यक्षांचं आजोळ निघालं माझ्या नवऱ्याच्या गावापासून दोन कोसांवर.

मला असा चेव चढला म्हणता! एकेकाला विचारत सुटले. सचिव थोरले, ते लाखनीकडचे निघाले. त्यांच्या शेजारी बसलेले सिहोऱ्याचे. कुणी आढेवेढे घेतले, की त्याचीच आई मागून सांगून टाकायची. बाया तर काय खुलल्या, जी ती आपलं माहेर सांगायला लागली. आणि उभ्या उभ्या माझ्या ध्यानात आलं, की दर पिढीला या गावात माणसं बाहेरूनच येतात, लग्न करून येतात, इथल्या लेकी तशाच बाहेर जातात, आणि गाव त्यातूनच वाढत आलंय. माझा नवरा बायांच्या वाटेनं आला, एवढाच त्याचा गुन्हा. आनंदानं हसूच फुटलं मला.

सचिव म्हणाले, "या ठरावानं त आपली अर्धी सोसायटी बाहेर होते."

"ठराव राहू द्या," अध्यक्ष पुटपुटले. "पन जावयाचं नाव कसं लावाचं?"

"माझं नकाच लावू," नवरा म्हणाला. त्या सभेत तो पहिल्यांदाच बोलला. "हिच्या मायचं माहेर बी गावातच. हिचा जनम इथला, लगनानंतर बी इथंच राहिली. जाळं हिले माझ्यापेक्षा चांगलं येते. हिचं नाव लिवा."

बाबांच्या जागी माझं नाव लागलं. जन्मल्यापासून त्या तलावाच्या काठी राहून, इतकं भांडूनही, स्वतःचं नाव सांगायचं मला सुचलंच नव्हतं. ते त्या बाहेरच्या माणसाला सुचलं.