थुंकीवाले डॉक्टर

“लई टेन्शन आलंय” असं कुणी म्हणालं की आमचे डॉक्टर लगेच विचारायचे, “कुठं?” त्यात चेष्टा नसायची. गुडघा दुखतो म्हणणाऱ्याला विचारावं, तसं विचारायचे. परतूरच्या गाडीत भेटलेला कापसाचा व्यापारी असो की आष्टीच्या स्टँडवरचा चहावाला, समोरचा आधी हसायचा. डॉक्टर काही हसत नाहीत म्हटल्यावर मात्र त्याचा हात आपोआप कुठंतरी जायचा. कुणाचा छातीवर, कुणाचा मानेवर, बायकांचा बहुतेक पोटावर. “हां, तिथं,” म्हणायचे डॉक्टर. मग त्या जागेची अशी चौकशी सुरू व्हायची की चहा गार व्हायचा आणि मी बाजूला उभी राहून मनातल्या मनात चरफडायची.

जालन्यात त्यांचा मनोविकाराचा दवाखाना होता. घराणं शहरातलं जुनं, सदरा कायम कडक इस्त्रीचा. पण परतूर तालुक्यातल्या आष्टीत, जिथं आमचं काम चालायचं, त्यांचं खरं नाव कुणालाच माहीत नव्हतं. तिथं ते थुंकीवाले डॉक्टर. नाव पडलं ते त्यांच्या संशोधनामुळं. घर आणि शेत दोन्ही ओढणाऱ्या बायकांच्या मनावरचा ताण कमी करायची एक रीत त्यांनी बसवली होती, आणि ती खरंच लागू पडते का हे त्यांना मोजून बघायचं होतं. ताण वाढला की शरीरात एक रस वाढतो, तो थुंकीतही उतरतो. म्हणून सकाळी उठल्या उठल्या, चूळ भरायच्या आधी, छोट्या नळीत थुंकी घ्यायची. मी परतूरची, नुकतीच मानसशास्त्रात एम.ए. झालेली आणि घरी स्कुटी असलेली. एवढ्या भांडवलावर त्यांनी मला मदतनीस म्हणून घेतलं.

पहिल्याच सकाळी सगळं मुसळ केरात गेलं. बर्फाच्या डब्यातून नळ्या काढल्या तर निम्म्याहून जास्त तपकिरी. बायांनी नळीत थुंकायच्या आधी इमानेइतबारे मिसरी लावली होती. मी कपाळाला हात लावला. डॉक्टरांनी एक नळी उजेडात धरली आणि म्हणाले, “यात ताण कमी, तंबाखू जास्त.” दुसऱ्या दिवशी सगळ्यांना पुन्हा समजावलं, तर त्यांच्यातल्या मंदामावशी म्हणाल्या, “मिसरी लावल्याबिगर माझा डोळाच उघडत न्हाई, थुंकी कुठून काढू?” डॉक्टरांनी मान डोलावली. अडचण खरी आहे म्हणाले, आणि आधी नळी, मग मिसरी, असा तह ठरला.

दुसरी अडचण सुनांची होती. सासरे अंगणात तोंड धूत बसलेले, त्यांच्यादेखत थुंकायचं कसं? मी म्हणाले, आतल्या खोलीत घ्या की. डॉक्टरांना ते पुरेसं वाटलं नाही. त्यांनी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर म्हाताऱ्या मंडळींना बोलावलं, खिशातून नळी काढली आणि सगळ्यांसमोर शांतपणे तीत थुंकले. चांगलं दोन मिनिटं चाललं ते, कारण नळी भरायला वेळ लागतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. “ही माझी,” डॉक्टर म्हणाले. “आता कोणाला लाज वाटायचं कारण न्हाई.” एका आजोबांनी मला हळूच विचारलं, “पोरी, हे नक्की डॉक्टरच हायेत ना?”

त्यांची रीत साधी होती. आठवड्यातून एकदा, बुधवारी, शाळेच्या मागच्या खोलीत बायांची बैठक. खांदे सैल सोडायचे, श्वास लांब सोडायचा, आणि मग जिला वाटेल तिनं आठवड्यात काय जड गेलं ते सांगायचं. बाकीच्यांनी फक्त ऐकायचं, सल्ला द्यायचा नाही. हा शेवटचा नियम पाळताना बायांच्या नाकीनऊ यायचे. “अगं पण तिनं जावेला सरळ सांगावं ना,” असं कुणाच्या तरी ओठावर यायचं, डॉक्टर बोट वर करायचे, आणि ती बाई घास अडकल्यासारखी गप्प बसायची.

पण बैठक सगळ्यांना नव्हती. चिठ्ठ्या टाकून बायांचे दोन गट केले होते. एका गटाला बैठक लगेच, दुसऱ्यानं वर्षभर थांबायचं. थांबलेल्या गटाकडं मी दर आठवड्याला घरोघर जाऊन झोपेचे, काळजीचे तेच ते प्रश्न विचारायची आणि ठरलेल्या दिवशी नळ्या घ्यायची, बस. वर्षाच्या शेवटी दोन्ही गटांत फरक दिसला तर रीत खरी. या एका फरकावर डॉक्टरांनी आपली सगळी उमेद लावली होती. फरक दिसला तर पुढं जिल्हाभर काम करायला पैसा मिळणार होता, नाहीतर तिथंच सगळं थांबणार होतं. माझी नोकरीही त्यातच आली.

मंदामावशी थांबलेल्या गटात निघाल्या. नवरा पक्षाघातानं अंथरुणाला खिळलेला, दोन्ही पोरं वाळूजला कंपनीत, आणि मावशींच्या डोळ्याला डोळा नाही. मी डॉक्टरांच्या मागंच लागले, “यांना बैठकीच्या गटात घ्या. दुसरी कोणी जाईल तिकडं.”

“चिठ्ठी निघाली ना?” डॉक्टर म्हणाले. “मी आता माझ्या पसंतीच्या बाया निवडायला लागलो, तर ते संशोधन न्हाई, सोयरीक जुळवणं होईल.” मला राग आला. पण त्याच दुपारी ते मावशींच्या घरी गेले, त्यांना नीट तपासलं, झोपेचं औषध लिहून दिलं आणि मला बजावलं, “इलाज कोणाचा थांबवायचा न्हाई. थांबते ती फक्त बैठक. बारीक नजर ठेव त्यांच्यावर.” नजर ठेवायची म्हणजे मावशींकडं जरा जास्तच वेळ बसावं लागायचं. त्या ज्वारी निवडायच्या, मी ऐकायची.

घरचं मात्र डॉक्टरांना कळायचं नाही. मी जालन्याला त्यांच्याकडं जेवायला गेले की त्यांच्या पत्नी, आम्ही त्यांना काकू म्हणायचो, ताट वाढता वाढता म्हणायच्या, “जिल्ह्याचं टेन्शन यांच्याकडं, अन् यांचं माझ्याकडं.” डॉक्टर मान खाली घालून वरण ओरपायचे. त्यांनी काकूंना “कुठं?” असं विचारलेलं मी कधी ऐकलं नाही. एवढ्या शहाण्या माणसाला हे कसं सुचलं नाही, याचं मला नवल वाटतं.

वर्ष संपलं, आकडे आले. बैठकीच्या गटाचा ताण चांगला उतरला होता. आम्ही खूश. मग थांबलेल्या गटाचा कागद उलटला, तर त्यांचाही तेवढाच उतरलेला. फरक जवळजवळ नाहीच. डॉक्टरांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून पुन्हा ताडून बघितले. मग म्हणाले, “एक तर पाणी भरताना नळावर बायांनी एकमेकींना शिकवलं असेल. किंवा तू. दर आठवड्याला त्यांच्यापुढं बसून ऐकत होतीस. ते आपण इलाजात धरलंच न्हाई.”

“मंग मलाच औषध म्हणून पगार लावा,” मी म्हणाले. माझा आवाज रडवेला झाला होता.

डॉक्टरांना पूर्वी शिकवलेले एक मोठे प्रोफेसर होते, त्यांचा फोन आला. ज्या बाया एकमेकींच्या शेजारी राहतात तेवढ्या वगळा, म्हणजे फरक दिसेल, आणि पुढच्या कामाचा पैसा सुटेल, असं त्यांचं म्हणणं. डॉक्टर म्हणाले, “तसं आधी ठरवलं असतं तर चाललं असतं, सर. आकडे बघून न्हाई.” आणि फोन ठेवला.

मी भांडले त्यांच्याशी. चक्क भांडले. “थोडं इकडचं तिकडं केलं तर कोणाचं काय बिघडतंय?”

“जिला याचा उपयोग व्हायचा न्हाई, तिचं बिघडतं,” ते म्हणाले. “आपलं वाचून कुठंतरी एखादी बाई नुसते खांदे सैल सोडत बसेल, अन् तिला खरा इलाज मिळायला उशीर होईल. त्या बाईला तू ओळखत न्हाईस, मी न्हाई. पण ती असणार.” फरक दिसला नाही, असंच त्यांनी लिहिलं आणि पाठवून दिलं. पैसा बंद झाला. मी परतूरच्या एका शाळेत समुपदेशक म्हणून लागले. खरं सांगायचं तर पुढं कितीतरी दिवस मी त्यांच्यावर रुसून होते.

थांबलेल्या गटाला वर्षानंतर बैठक द्यायचा शब्द होता. आता रीतच सिद्ध झाली नाही म्हटल्यावर तो पाळला नसता तरी कुणी विचारलं नसतं. डॉक्टर मात्र ठरल्या बुधवारी स्वतःच्या खर्चानं आष्टीला हजर. मीही रुसवा बाजूला ठेवून गेले. बाया जमल्यावर त्यांनी सरळच सांगितलं, “बघा, ही रीत लागू पडते असं मला दाखवता आलं न्हाई. जेवढा फायदा व्हायचा तेवढा तुम्हाला आधीच झालेला दिसतोय. तरी शिकायचंय का?”

बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. शेवटी मंदामावशी बोलल्या. “डॉक्टर, तुमचं ते श्वासाचं राहू द्या बाजूला. पण इथं आल्यावर एक घंटा कोणी हाक मारत न्हाई. घरी बसलं की पाणी दे, दार लाव, कुत्रं हाकल. तेवढा घंटा चालू ठेवा.”

डॉक्टर उठले. त्यांनी खोलीचं दार आतून लावलं आणि बायांच्यात येऊन खाली बसले. त्यानंतर कितीतरी बुधवार ते जात राहिले, कसली नळी नाही की प्रश्न नाही. पुढं पुढं ते गेले नाहीत तरी बाया आपापल्या बसायला लागल्या.

गेल्या हिवाळ्यात डॉक्टर गेले. झोपेतच गेले. मी भेटायला जालन्याला गेले, तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. काकू पुढच्या खोलीत भिंतीला टेकून बसल्या होत्या, म्हणजे बसायला बघत होत्या. आतून एकसारख्या हाका. “आई, बाबांचं पासबुक कुठंय?” “वहिनी, गुरुजी काय काय आणायचं विचारतायत.” “काकू, तेराव्याला किती पानं धरायची?” काकू प्रत्येक हाकेला उठायच्या, उत्तर द्यायच्या आणि परत येऊन बसायच्या. डोळे पार कोरडे होते. मला ते बघवेना.

तेवढ्यात आष्टीच्या बाया आल्या. जीप करून आल्या होत्या. कुणी गळा काढला नाही, काही विचारलं नाही, काकूंच्या भोवती नुसत्या बसल्या. आतून पुन्हा हाक आली, “आई, कपाटाची चावी?” काकू हात टेकून उठायला लागल्या. मंदामावशींनी त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवलं. मग स्वतः उठल्या, आतल्या दाराशी गेल्या आणि डॉक्टरांच्या थोरल्या मुलाला म्हणाल्या, “बाबा, एक घंटा तुमच्या आईला कोणी हाक मारू नका. लईच नड असली तर मला विचारा.” आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

काकूंनी एकदा दाराकडं पाहिलं, एकदा आमच्याकडं. मग त्यांनी तोंडाला पदर लावला, आणि डॉक्टर गेल्यापासून पहिल्यांदाच त्या रडल्या. त्यांना रडू नका असं कुणीच म्हणालं नाही.